आईला नेसवलेलं जुनेर

“आईंना जरा मागच्या रांगेत बसव ना. फारच नीटनेटक्या दिसतायत. डोनर्स कन्फ्यूज होतील.”

मॅडम कानाशी येऊन बोलल्या. हसत. मॅडम आमच्या संस्थेच्या प्रमुख. मी त्याच संस्थेत, वस्त्यांमधून फिरणारी. वाशीच्या हॉटेलात देणगीदारांचा कार्यक्रम होता आणि आईवर केलेली फिल्म दाखवायची होती. आवतण देऊन आणलं होतं तिला. पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी तिला उठवलं. तिनं का म्हणून विचारलंसुद्धा नाही. पदर सावरला आणि गेली मागे.

आई एपीएमसी मार्केटात कांदा निवडते. आम्ही मूळचे मराठवाड्यातले, आता राहतो रबाळ्याला. आईचा एकच हट्ट आहे, कुणाचं जुनेर अंगाला लागू द्यायचं नाही. तिची माय जन्मभर पाटलिणीची जुनेरं नेसली. पाटलीण लुगडं हातात देत नसे. विटाळ होईल म्हणून लांबून फेकायची. धुळीतून ते उचलायला आईला पाठवायचे. तेव्हा ती परकर नेसायच्या वयाची होती. इथं सोसायटीतल्या बायका पिशव्या भरभरून कपडे द्यायला येतात. आईनं त्यातली चिंधी घरात येऊ दिली नाही. दोन साड्यांवर वर्ष काढलं, पण स्वतः विकत घेतलेल्या.

म्हणून संस्थेला फोटो हवा म्हटल्यावर तिनं मला तासभर थांबवलं. न्हाली. निळ्या काठाची पांढरी साडी काढली. चष्मा पुसला. मग निळ्या कोटातल्या तसबिरीखाली ताठ उभी राहिली. “आता काड,” म्हणाली. आमच्यात फोटो असाच काढतात. मी मोबाईलवर काढला आणि ऑफिसला पाठवला.

हॉलमधले दिवे गेले. पडद्यावर एक बाई आली.

फाटकं लुगडं. खांद्याला भोक. गाल खपाटीला गेलेले, रंग काळवंडलेला, डोळ्यांत पाणी. चष्मा नाही. मागच्या भिंतीवर तसबीर नाही, नुसते पोपडे. आणि वर यंत्राचा रडका आवाज: “साहेब, आम्हाला कुणी नाही. तुम्हीच आमचे देव.”

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे टिपले. मग तिनं फिरत्या तबकातला कबाब उचलला.

मी मागं आईजवळ गेले. ती पुढं वाकून बघत होती.

“माज्या मायवानी दिसायलीय गं,” ती म्हणाली. “मायचा फोटू ह्यांना कुठं गावला? तिचा तर कुनी काडलाच नव्हता.”

आई बघत राहिली. मग तिचा हात हळूच हनुवटीवरच्या गोंदणाकडे गेला.

“हे गोंदण तर माजं हाय,” ती म्हणाली. “ती मीच हाय व्हय?”

तिनं खाली आपल्या साडीकडे पाहिलं. पदर चाचपला, कुठं फाटलाय का ते बघायला.

मी तडक मॅडमकडे गेले. विचारलं, हे काय आहे?

“अगं, फोटो खराच आहे. एआयनं थोडा टच दिलाय. चांगल्या साडीतल्या बाईला कोण मदत करणार?”

“आणि भिंतीवरची तसबीर?”

“ते जरा पॉलिटिकल वाटतं.”

मला किळस आली. ह्या बाईच्या अत्तराची, त्या कबाबांची, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची. पाटलीण निदान स्वतःचं नेसलेलं लुगडं फेकायची. ह्यांनी घरात बसून यंत्राकडून नवं जुनेर विणून घेतलं आणि माझ्या आईला न विचारता नेसवलं.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. दोन शब्द बोलायचे होते. तेही यंत्रानंच लिहून दिलेले. मी कुठं थांबून हुंदका द्यायचा, तेसुद्धा कंसात लिहिलं होतं. तो कागद मी चुरगाळला.

“पडद्यावर दिसली ती माझी आई नाही,” मी म्हणाले. “माझी आई मागच्या रांगेत आहे. चांगली साडी नेसली म्हणून तिला मघाशी पुढून उठवलं. ती कांदा निवडते आणि कष्टाचं खाते. तुम्हाला देव म्हणालेली नाही. म्हणणारही नाही.”

टाळ्या. ह्यालाही टाळ्या! कुणीतरी उभं राहूनसुद्धा वाजवल्या.

खाली उतरले तर मॅडमनी मला मिठीच मारली. “किती ऑथेंटिक बोललीस!” आणि कॅमेरावाल्याला, “रेकॉर्ड झालंय ना रे?”

मी त्यांचे हात माझ्या अंगावरून काढले. ती फिल्म काढून टाका, म्हणाले. “बघू,” म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या.

रिक्षात आई घणसोलीच्या पुढं एवढंच बोलली, “माय मेली ती त्याच लुगड्यात. तिला तरी सुटका दे. ते काडायला लाव.”

शिरवणे, रबाळे, सगळीकडच्या बायकांचे संस्थेसाठी काढलेले फोटो माझ्याच मोबाईलवर आहेत. ऑफिसला आता त्यातला एकही जाणार नाही. कालपासून मी घरोघरी जाते आहे. आईचा खरा फोटो दाखवते, मग यंत्रातला. बायका बघतात, शिव्या घालतात आणि ऑफिसात कधी जायचं ते विचारतात. राजीनामा मी देणार नाही. काढायचं तर त्यांनी मला काढावं, सगळ्यांसमोर, कारण सांगून.

सोमवारी आम्ही सगळ्या ऑफिसात जातोय. आई पुढं असेल, निळ्या काठाच्या साडीत. पडद्यावरच्या त्या बाईच्या अंगावरून जुनेर उतरल्याशिवाय आम्ही तिथून उठणार नाही.