कात्री लागलेलं भाषण

टाचणीताई गांजा विकायला लागल्या, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळी दूधवाल्याच्या पाठोपाठ आली आणि दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. शिलाई मशीनच्या खणात माल असतो, शर्टाच्या घडीतून पोचतो, वगैरे. राईचा पर्वत करायला गल्लीला राईसुद्धा लागत नाही. बातमी कुणी पिकवली त्याचं नाव सांगत नाही. स्वतःचं नाव आपणच किती वेळा घ्यायचं?

खरं एवढंच होतं, की ताई विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला निघाल्या होत्या. गांजापासून केलेलं औषध डॉक्टरांना रुग्णासाठी लिहून देता यावं, असा कायदा करा म्हणून. विकणं दूरच, बाईंनी जन्मात कधी तपकीरही ओढली नव्हती.

शिवताना तोंडात कायम चार टाचण्या, म्हणून हे नाव. त्यामुळे चाळीस वर्षांत त्यांचं बोलणं ‘हं’ आणि ‘अंहं’ यांपलीकडे फारसं गेलं नव्हतं. “भाषणाला माझ्याहून मुकी कुणी मिळाली नाही वाटतं,” असं त्या स्वतःच म्हणायच्या, टाचण्या काढून.

पण घरात टपालखात्यातून निवृत्त झालेला नवरा होता. एकेकाळी दारातून आडवा होऊन आत यावा असा गडी. कॅन्सरच्या औषधांनी त्याच्या पोटात घास ठरेना. डॉक्टर म्हणाले, “यावर औषध आहे, दुसऱ्या राज्यांत देतात. इथं मी लिहिलं तर तुम्ही न्‌ मी दोघं आत.” दर खेपेच्या औषधानंतर ताई त्याची पँट कमरेत आत घेत. आतापर्यंत चार वेळा.

भाषण लिहायला घरात कोरा कागद एकच, कापड बेतायचा खाकी. त्यावर तीन मिनिटांचं भाषण त्यांनी आठ दिवस लिहिलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. तो पडल्या पडल्या म्हणाला, “झकास. एवढं तर तू लग्नापासून माझ्याशी बोलली नाहीस.”

समितीच्या दालनात नाव पुकारलं. ताईंनी गुंडाळी सोडली. “माननीय अध्यक्ष, माझे पती गेले आठ महिने...”

आणि पुढे भोक! भाषणाच्या ऐन पोटात, बाहीच्या आकाराचं. त्यातून थेट अध्यक्ष दिसत होते. दोन दिवस आधी शेजारच्या मास्तरीणबाईंच्या कोटाची बाही बेतताना ताईंनी हाताला लागेल तो कागद ओढला होता आणि सकाळच्या घाईत उरलेला तसाच गुंडाळून पिशवीत घातला होता. नवऱ्याचं सगळं दुखणं मास्तरीणबाईंच्या बाहीत गेलं होतं.

“बोला बाई, दोन मिनिटं उरली,” अध्यक्ष म्हणाले.

“भाषण होतं, साहेब. मीच कापलं.”

दालन हसलं. ताईही हसल्या, दुसरं करणार काय? मग त्यांनी पिशवीत हात घातला. बसमध्ये हात रिकामे नकोत म्हणून नवऱ्याची पँट बरोबर होती, पाचव्यांदा आत घ्यायला. ती उलटी करून त्यांनी टेबलावर पसरली.

“ही पहिल्या औषधानंतरची शिवण. ही दुसऱ्या. ही तिसऱ्या. ही चौथ्या. आणखी एक घातली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटतील.”

आता कुणी हसेना. एक सदस्य खाकरले. “पण बाई, उद्या सगळेच ऐरेगैरे मागतील.”

“सुया माझ्याही घरात आहेत, साहेब. झाकणाच्या डबीत ठेवते. तुम्ही झाकण करा, एवढंच म्हणते.”

अध्यक्षांनी आतलं जादा कापड चिमटीत धरलं. “हे कापून का नाही टाकलं?”

“परत सैल करायला लागेल ना. जेवायला लागले की.”

वेळ संपला. समितीनं निर्णय पुढच्या अधिवेशनावर ढकलला. म्हणजे दोन महिने. ताई घरी आल्या आणि पाचवी शिवण घालायला बसल्या, कच्च्या दोऱ्यानं, झटकन उसवता यावी म्हणून.

गल्ली विचारपूस करायला जमलीच. नव्या कोटात मास्तरीणबाई पुढे होत्या. “आणि तेव्हाही कायदा नाही झाला तर गं?”

ताईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“तर पुन्हा जाईन. या खेपेला भाषण कात्रीपासून लांब ठेवीन.”