त्याले इळा लागला

एका क्रियापदापायी मी माझ्या सासऱ्यांना भर सभेत खुनी ठरवलं. तेही माईकवरून, आणि वाचून झाल्यावर टाळ्यांची वाट पाहत उभी राहिले. वय एकवीस, शिक्षण मॅट्रिक, आणि अक्कल अजून माहेरहून यायची होती.

परवा नातीनं मोबाईलवर बोलून लिहायला शिकवलं. मी ‘इळा’, म्हणजे विळा, म्हटलं की तो ‘वेळा’ लिहितो. नात त्याच्यावर चिडते. मला काही चिडता येत नाही, कारण हेच काम मी त्याच्या पन्नास वर्षं आधी करून बसलेय.

मी खामगावची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. लग्न होऊन आले ती मोताळ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याच्या गावात. गावातली पहिली मॅट्रिक सून. सासू नव्हती, त्यामुळं वेसण घालणारं कुणी नव्हतं. मी ज्याला त्याला शुद्ध बोलायला लावायची. ‘मले’ नाही, ‘मला’. ‘काऊन’ नाही, ‘का’. एकदा शेजारीण ओरडत आली की म्हैस येऊन राह्यली. मी तिला थांबवून म्हटलं, ‘म्हैस येत आहे, असं म्हणावं.’ वाक्य दुरुस्त होईपर्यंत म्हशीनं माझं वाळत घातलेलं लुगडं शिंगावर घेऊन नाला ओलांडला होता. गाव हसलं. माझ्यात मात्र काही फरक पडला नाही.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शाळेच्या पटांगणात एक दगड बसवायचं ठरलं. जंगलाच्या चळवळीत जे तुरुंगात गेले, जो गोळीनं मेला, त्यांची नावं त्यावर कोरायची. जिवंत उरलेले एकटे माझे सासरे. हेडमास्तर घरी आले आणि म्हणाले, यांची हकीकत लिहून काढा आणि सभेत तुम्हीच वाचा, तुमचे उच्चार चांगले आहेत. त्या वाक्यावर मी आठ दिवस जमिनीवर चालले नाही.

सासऱ्यांना लिहिता येत नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं वाकतच नसत. ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत ते तीन दुपारी सांगत बसले, आणि मी वही घेऊन समोर.

ते म्हणाले, आधी डोंगर कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. मग सरकारनं हद्दीचे दगड रोवले. दगडाच्या अलीकडं गाईनं खाल्लं तर चारा, पलीकडं खाल्लं तर चोरी. गुरं कोंडवाड्यात जायची आणि पैसे भरून सुटेपर्यंत उपाशी मरायची. यावर देखरेख करायला नाकेदार ठेवला होता, म्हणजे जंगलाचा पहारेकरी. तो काही साहेब नव्हता. आमच्याच गावचा, कोरडवाहू तुकड्यावर न भागणारा माणूस. त्याला सरकारनं खाकी कोट दिला आणि गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्या नाकेदारानं एकदा सासऱ्यांच्या आईला गवताचा भारा घेऊन येताना पकडलं. भारा डोक्यावरच ठेवून तिला नाक्यासमोर उन्हात उभं केलं. ती बसायला गेली की दाव्यानं पोटऱ्यांवर मारायचा. तिसऱ्या प्रहरी ती पडली, नाकातोंडातून रक्त आलं. चार दिवसांनी गेली. हे सांगताना सासऱ्यांची शेंग फोडायची लय जराही चुकली नाही. मी वहीत लिहिलं : ‘मातोश्रींचा अनन्वित छळ झाला.’ बघा, एका बाईच्या फुटलेल्या पोटऱ्यांना मी केवढं झाकण घातलं.

मग चळवळ आली. खादीतले लोक आले आणि त्यांनी सांगितलं, इळे घेऊन चला, कायदा मोडून गवत कापायचं, पण कुणावर हात उचलायचा नाही. गावानं देवळात शपथ घेतली. हातात धारेचा इळा आणि तोंडात अहिंसा, अशी सगळी माणसं डोंगरावर चढली. वर पोलीस उभे होते. आधी लाठ्या आल्या. सासरे म्हणाले, डोक्यावर लाठी बसली की कवठ फुटल्यासारखा आवाज येतो, आणि तो दुसऱ्याच्या डोक्यातून आलेलाच ऐकू येतो, स्वतःचा येत नाही. तरी माणसं वाकून गवत कापतच राहिली. मग गोळ्या सुटल्या. सासऱ्यांच्या शेजारी त्यांचा जोडीदार कापत होता, सगळ्या गावात ज्याच्याशी त्यांचं पटायचं तो एकच. त्याच्या गळ्यातून गोळी गेली. तो हातातलं गवत गळ्याला दाबून धरत होता आणि गवत लाल होऊन खाली गळत होतं.

लोक पळाले. सासरे घळीत उतरले. तिथं नाकेदार उभा होता, एकटा, तोही पळून आलेला.

इथं ते थांबले. सालपटं हातानं एका बाजूला केली आणि म्हणाले, “त्याले इळा लागला.”

मी विचारलं, “कर्ता कोण?”

“काय कोन?”

“वाक्याचा कर्ता. कुणी मारला?”

“कर्ता-बिर्ता नको टाकू, बाई. त्याले इळा लागला. एवढंच लिव.”

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. नाकेदाराचं पोट फाडलेलं प्रेत सापडलं तेव्हा गावानं एका तोंडानं सांगितलं की रानडुकरानं फाडलं. पोलिसांनी चावडीसमोरच्या कडुलिंबाला माणसं हात बांधून लटकवली. घराघरांतलं धान्य अंगणात ओतून त्यात राकेल मिसळलं. सासऱ्यांची दोन बोटं दाराच्या फटीत घालून दार लावलं. डुकराच्या पलीकडं कुणी बोललं नाही. शेवटी त्यांना गवताच्या चोरीबद्दल तुरुंगात टाकलं. खुनाची कुठं नोंदच झाली नाही.

आता नाकेदाराच्या मुलीबद्दल सांगते. बाप मेला तेव्हा ती पाळण्यात होती. तिच्या आईला भाऊ नव्हता आणि खाकी कोटवाल्याच्या बायकोला गावात कुणी दारात उभं करत नव्हतं. सासरे तुरुंगातून सुटून आले आणि दर हंगामाला त्या घरी एक पोतं ज्वारी टाकू लागले. मुलीच्या लग्नात मामा म्हणून तिच्या मागं तेच उभे राहिले. गावातच दिलेली, घरची भाजीची वाडी. वांगी-मिरच्या घेऊन ती बाजाराला निघाली की आमच्या ओसरीवर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी टाकून जायची आणि हाक मारायची, ‘मामा, हाव का घरी?’ ती हाक आली की सासरे हातातलं काम टाकून उठायचे. पोटच्या मुलासाठी, म्हणजे आमच्या ह्यांच्यासाठी, ते कधी असे उठले नाहीत.

हे सगळं मला माहीत होतं. फक्त तिचा बाप म्हणजे तोच नाकेदार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. गावात कोण कुणाचं याची मला शाळेतल्या नद्यांइतकीही माहिती नव्हती. गंगेच्या उपनद्या मात्र पाठ.

सभेच्या आदल्या दिवशी मी हकीकत नीट उतरवून काढायला बसले. सगळं कसं छान जमलं होतं, फक्त ते एक वाक्य दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखं टोचत होतं. इळा लागला म्हणजे काय, ठेच लागते तसा? वीरपुरुषाच्या कथेत असं वाक्य? मी खोडलं, आणि लिहिलं : ‘परकीय सत्तेच्या त्या नराधम गुलामास, आमच्याच गावच्या त्या नाकेदारास, माझ्या पूज्य श्वशुरांनी विळ्याच्या एका घावात यमसदनी धाडले.’ लिहून झाल्यावर चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं. चारही वेळा अंगावर काटा आला. आजही येतो.

सभेत सासरे पुढच्या खुर्चीवर, नवी टोपी घालून. नाकेदाराची लेक बायकांत पहिल्या रांगेत, त्यांनीच तिला बोलावून बसवलेलं. मी ते वाक्य आलं तसा आवाज चढवला. सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती बाई उठली, पदर खोचला आणि माणसांतून वाट काढत निघून गेली. मला वाटलं, बिचारी भारावली. टाळी कुणी वाजवली नाही, तेव्हा मी आणखी मोठ्यानं शेवटचा परिच्छेद वाचला.

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. तिचा नवरा आणि दोन दीर फाटक तोडून आत आले. हातात काठ्या. हे उठले, तोवर पहिली काठी त्यांच्या कानावर बसली. तो आवाज मी वहीत लिहून घेतला होता, कवठाचा. ऐकला तेव्हा कळलं की मी काय लिहीत होते. ह्यांचं रक्त ताटातल्या वरणात पडलं. आमचा सालदार गडी कुऱ्हाड घेऊन गोठ्यातून धावत आला आणि त्यानं एका दिराच्या खांद्यावर घाव घातला. हाडापर्यंत मांस उघडं पडलं, पांढरं. मी चुलीजवळ भिंतीला चिकटून उभी होते आणि माझ्या तोंडातून शुद्ध-अशुद्ध काहीच निघत नव्हतं.

सासरे मध्ये जाऊन बसले. उभे नाही राहिले, बसले. दोन्ही हात जमिनीवर टेकून मान पुढं केली आणि म्हणाले, मारायचं तर मले मारा, पोराचा काय संबंध. तिच्या नवऱ्यानं काठी मारलीही. पाठीवर दोन आणि हातावर एक, त्या जुन्या बोटांवरच. चौथी उगारली तेवढ्यात ती स्वतः दारात आली. ती नवऱ्याला इतकंच म्हणाली की घरी चला. सासऱ्यांकडं पाहिलं नाही. तो म्हातारा मान वर करून तिच्याकडं बघत होता, ती एकदा हाक मारील म्हणून. ती गेली.

मोताळ्याहून पोलीस आले. ह्यांच्या कानाला टाके पडले होते, त्या दिराचा हात गळ्यात बांधलेला. सासऱ्यांनी सांगितलं, बैल उधळला होता. दुसऱ्या बाजूनंही तेच सांगितलं. सरकार बदललं होतं, जनावर बदललं होतं, जबानी तीच.

मला ते रागावले नाहीत. महिन्याभरानं एकदाच विचारलं, तू काऊन बदललं. मी म्हटलं, व्याकरणात बसत नव्हतं. माझ्यावर हसावं की मला हाणावं, हे त्यांचं ठरत नसावं. मग म्हणाले, बरं.

त्यानंतरचं वर्षभर मी त्या घरात जे पाहिलं ते देवानं कुणाला दाखवू नये. बाजाराच्या दिवशी ते सकाळपासून ओसरीवर बसायचे. ती नाल्याकडच्या लांबच्या वाटेनं जायची, डोक्यावर पाटी घेऊन. ती दिसली की ते थोडे उठायचे आणि परत बसायचे. सांबार मी विकत आणायची. ते पानातलं बाजूला काढून ठेवायचे. मी दोनदा तिच्या वाडीवर गेले. पहिल्यांदा तिनं कुत्रं सोडलं. दुसऱ्यांदा कुत्र्यानं ओळखलं, तिनं नाही.

पुढच्या पावसाळ्यात सासऱ्यांनी अंथरूण धरलं. खोकल्यातून रक्त पडायचं. डॉक्टरांनी हात टेकले. ते काही मागत नव्हते. नुसते दाराकडं तोंड करून निजायचे. ह्यांनी कूस बदलून दिली तरी पुन्हा दाराकडं वळायचे.

एका दुपारी ती आली. हाक न मारता. अंथरुणाशी जमिनीवर बसली. मी दाराच्या आड. सासऱ्यांनी तिला ओळखलं आणि श्वास गोळा करत म्हणाले, “इळा लागला नाई, पोरी. म्या मारला. तो हात जोडून राह्यला होता, तरी मारला.”

हे ‘हात जोडून’ त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

तिनं त्यांच्या अंगावरची वाकळ नीट केली, पायापर्यंत ओढली आणि म्हणाली, “निजा आता, मामा.”

दोन दिवसांनी ते गेले.

ती त्यांना भेटून निघाली त्या दुपारी मी अंगणात तिची वाट अडवली. तिनं मला सांगितलं की सभेहून ती तडक आईकडं गेली होती. म्हातारी म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. प्रेत मीच धुतलं. डुकराचा सुळा खालून वर फाडतो, हे वरून खाली ओढलेलं होतं. जन्मभर इळा चालवला, मला घाव कळत नाही का? पण ज्वारीचं पोतं टाकायला येणारा तो एकटाच होता. लेकीनं त्यानंतर वर्षभर आईशीही बोलणं टाकलं होतं. हे सगळं ती पाटी सारखी करत, माझ्याकडं न बघता सांगत होती.

मी तिचे पाय धरायला वाकले. म्हटलं, माझं चुकलं, मला माफ करा. तिनं पाय मागं घेतले आणि म्हणाली :

“माफी नको मांगू मले. तुले लिवता येते ना? मंग माह्या बापाचं नाव लिवून दे एखांद्या जागी. गोळीनं मेला त्याचं दगडावर हाये, मामाचं हाये. माह्या बापाचं कुठीच नाई.”