देवमनचा भोंगा आणि जानरावचा गळा

जानरावने माईकमध्ये फुंकर मारली, तळव्याने दोन थापा दिल्या आणि लग्नाच्या मांडवातून मागच्या माणसाने "आवाज येत नाई बे!" असं ओरडताच मशीनचं बटन शेवटपर्यंत फिरवून गाणं सुरू केलं. पहिली ओळ दणक्यात गेली. दुसऱ्या ओळीला निंबावरचा भोंगा तापल्या तेलात पापड सोडावा तसा तडतडला. तिसऱ्या ओळीला तो गप्प झाला. जानराव गातच राहिला. लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकललेला गळा तो; त्याला भोंगा बंद पडल्याचं कळायलाच अर्धं कडवं गेलं.

"भोंगा मेला का हो?" नवरीच्या मामाने विचारलं.

भोंग्याचा मालक देवमन इंगळे तेव्हा वरपक्षाकडे चहा प्यायला गेला होता. तो हातात कप तसाच घेऊन धावत आला. ओरडला नाही. कप जानरावच्या हातात दिला, झाडावर चढला, भोंगा खाली आणला, मागचं युनिट फिरवून काढलं आणि कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"गेलं," तो म्हणाला.

मूर्तिजापूरपर्यंत सायकलवर पुढे देवमन, मागे कॅरिअरवर मांडीत भोंगा घेऊन जानराव. वाटेत देवमन एका शब्दाने बोलला नाही. जानराव त्याचा सख्खा साळा. दुसरा कोणी असता तर देवमनने निदान शिव्या तरी दिल्या असत्या. साळ्याला दिलेली शिवी फिरून बायकोच्या माहेरी पोचते, ही अडचण.

देवमन हा माणूस तसा कमीच बोलायचा. जिनिंगच्या कारखान्यात बोंडांच्या धुळीत उमेदवारी केलेली, नंतर अकोल्याच्या एका दुकानातून जुनं मशीन, मोटारीची बॅटरी आणि एक भोंगा मिळवला आणि वस्तीतला पहिला लाऊडस्पीकरवाला झाला. धम्म घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. वस्तीत लग्नं नव्या रीतीने लागत होती, जयंत्या होत होत्या, आणि लोकांना आता आपलं म्हणणं चार गल्ल्यांपलीकडे जावं असं वाटू लागलं होतं. ते नेण्याचं काम देवमनचं. पण गाणं चालू असताना तो गाणं ऐकायचाच नाही. मशीनजवळ डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसायचा. कोणी विचारलं, "देवमनभाऊ, गानं कसं झालं?" तर म्हणायचा, "भोंगा बरा हाय." मोठमोठ्या गायकांना त्याच्याकडून एवढीच दाद मिळालेली. एकदा एक गायक त्यावर रुसून न जेवता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून देवमनने युनिट उघडलं. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा, आणि त्याला केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. पडद्याला चीर गेलेली, तार जळून काळी पडलेली. जानराव शेजारी उकिडवा बसून पाहत होता. चेहरा असा, की जणू घरातलं कोणी आजारी आहे.

"भाऊजी, एवढुशी तार?"

"एवढुशीच असते. तुले काय वाटलं, आत दोरखंड हाय?"

"मंग मी मोठ्यानं गायलो म्हनून जळली?"

"मोठ्यानं गाऊन नाई जळत." देवमनने काळी तार नखाने उचलली. "मशीनजवळ जेवढं हाय त्याच्याहून जास्त मांगलं का ते गात नाई, चिरकते. त्या चिरकन्यानं तार भाजते. आधी तडतड करून सांगते बिचारं. तू ऐकलं काय?"

"मी गाऊन राहिलो होतो ना!"

"तेच त."

"अन् फुंकर?"

"तुह्या कानात कोनी फू केलं त तुले कसं वाटन?"

जानरावने नकळत कानावर हात ठेवला. आत चुलीपाशी ललिता, म्हणजे एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण, फिसकन हसली.

अकोल्याहून नवा पडदा आला, पण त्याच्यासोबत देवमनचे कायदेही आले. ललिताने जुन्या गोधडीच्या तुकड्याची माईकला टोपी शिवली; आता कोणी फुंकर मारली तरी ती गोधडीत जिरायची. बटनावर देवमनने चुन्याची खूण केली. बटन खुणेपर्यंत, पुढे नाही. समोर मंत्री बसो का पाहुणा. माईक जोडायचा किंवा काढायचा तर आधी बटन खाली, नाहीतर भोंग्याच्या छातीत धस्स होतं, असं तो सांगायचा. आवाज पोचत नसेल तर बटनाला हात लावायचा नाही. उठायचं, भोंगा वर टांगायचा, त्याचं तोंड फिरवायचं. "आवाज वाढवाचा नसते, न्याचा असते," हे त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

पण जानरावचं काय करायचं? तो रंगात आला की माईक खाऊ का गिळू करायचा. पहिल्या दोन कार्यक्रमांत देवमनने त्याला मागे ओढून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याने गोठ्यातलं दावं आणलं. एक टोक मांडवाच्या खांबाला, दुसरं जानरावच्या कमरेला. माईकपासून एक वीत आणि वर चार बोटं, एवढंच तोंड पुढे येईल असं माप.  भर मांडवात कमरेला दावं बांधून तो गायला, आणि समोरून आवाज आला, "बैल चांगला हाय, शिंगं रंगवा रे त्याचे!" मांडव हसला, जानरावही गाता गाता हसला. तेव्हापासून दावं कायम. परगावचे लोक तर विचारायचे, "दाव्याचा गानेवाला तुमच्याकडचाच ना?"

त्या हिवाळ्यात जानरावची आई इंदूबाई विहिरीवर घसरून पडली. कमरेचं हाड मोडलं. डॉक्टरने सांगितलं, बाजेवरून हलवायचं नाही. छोट्या आगगाडीच्या रुळांपलीकडे तिचं घर, दारात बाज, आणि बाजेवरून दिसतील तेवढे रूळ, एवढं तिचं जग उरलं. वैशाखी पौर्णिमेला वस्तीतल्या नव्या विहाराचा पहिला कार्यक्रम होता. टिनाचं छप्पर, शंभर माणसं दाटीने बसतील एवढी जागा. जानरावचं गाणं शेवटी होतं. आणि त्या गाण्याचं शेवटचं कडवं इंदूबाईच्या जात्यावरच्या चालीत बसवलेलं होतं. ही चाल तिने जानरावला दूध पाजता पाजता दिलेली. ती काही कोणी शिकवली नव्हती.

"मले ऐकू येईन का रे?" तिने विचारलं.

"काहून नाई येनार? भाऊजी हायेत ना!" असं म्हणून जानराव तडक भाऊजींकडे गेला. "भाऊजी, एकच डाव. खुनंच्या वर. आईसाठी."

"नाई."

"अवं, माही माय हाय!"

"माही सासू हाय. नाई."

"तुमाले युनिट जास्त का मानूस?"

"एकच युनिट हाय. उडालं त बुढी काय ऐकन? नुसती शांतता?"

जानराव पाय आपटत निघून गेला. दोन दिवस इकडे फिरकला नाही. ललिता म्हणाली, "एक गाऊन बहिरा, एक न ऐकून बहिरा. मी मधात कुठं जाऊ?"  रोज सांजेला, कार्यक्रम ज्या वेळी होणार त्या वेळी, देवमन रुळांपलीकडे सासूच्या बाजेजवळ जाऊन बसू लागला.  चिमूटभर माती उचलून हवेत सोडायचा आणि वारा ती कुठे नेतो ते पाहायचा.

"जावाई, माती कावून उडवून राहिले?" इंदूबाई विचारायची.

"उगाच."

पौर्णिमेच्या दिवशी सकाळीच तो विहाराच्या छपरावर चढला. भोंग्यावर त्याने तुराट्यांची सावली केली. वैशाखाच्या उन्हात लोखंड तापलं की आतली तार गाणं सुरू होण्याआधीच अर्धी भाजते. मग त्याने भोंग्याचं तोंड फिरवलं. लोकांकडे नाही, बाजाराकडे नाही, सरळ रुळांपलीकडे.

विहार कमिटीचा मोतीराम खालून ओरडला, "देवमनभाऊ! भोंग्याचं तोंड लोकायकडं पायजे. तिकडं कोन हाय, म्हशी?"

"आतल्या लोकायले जानरावचा गळाच पुरते," देवमन वरूनच म्हणाला. "बाकीच्यायनं आत या."

जानराव कोपऱ्यात उभा राहून हे ऐकत होता. त्याने दावं उचललं आणि स्वतःच्या हाताने कमरेला बांधलं. गाठ जरा घट्टच मारली.

ललिता कंदील घेऊन आईजवळ गेली. ठरलं असं: ऐकू येत असेल तर दारात कंदील वरखाली हलवायचा. ऊन उतरलं, विहार भरला, वंदना झाली, भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याने आधी माईकच्या टोपीवर फुंकर मारली आणि काहीच न झाल्याने ओशाळून बोलायला सुरुवात केली. मग जानराव उभा राहिला. विहाराच्या खिडकीतून, मशीनजवळून, रुळांपलीकडचा कंदील ठिपक्यासारखा दिसत होता.

जानराव गायला. एक वीत चार बोटं. पहिल्यांदाच तो जपून, पाण्याची घागर डोक्यावर घेऊन चालावं तसा गायला. आतले लोक हसायला विसरले. पहिल्या कडव्याला पलीकडचा कंदील हलला. दुसऱ्याला हलला. देवमन डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसला होता.

आणि शेवटचं कडवं सुरू होताहोता छोटी गाडी आली.

ही गाडी वेळेवर आल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. तिच्या भरवशावर कोणी भातही चुलीवर ठेवत नसे. त्या दिवशी मात्र ती अगदी वेळेवर आली, भोंगा आणि बाज यांच्या मधोमध. इंजिन फुसफुसत होतं, डबे खडखडत होते, कंदील दिसेनासा झाला. थांबावं, तर जात्यावरची चाल मध्येच तोडावी लागणार. ती जानरावच्या गळ्यातून आता तुटत नव्हती. त्याने मशीनकडे पाहिलं.

देवमनचा हात बटनावर होता. तो हात हळूहळू फिरला. चुन्याच्या खुणेपर्यंत आला. थांबला. आणि खूण ओलांडून पुढे गेला.

छपरावर भोंगा एकदा बारीक तडतडला. देवमनचा हात बटनावरून हलला नाही. जानरावने तोंड आणखी चार बोटं मागे घेतलं, गळा आवरला, आणि दोघांनी मिळून ते कडवं गाडीच्या शेवटच्या डब्यामागून पार नेलं. कडवं संपलं, बटन खाली आलं, गाडी गेली.

पलीकडे दारात कंदील वरखाली, वरखाली, वेड्यासारखा हलत होता.

लोक पांगल्यावर ललिता आली. "माय म्हनते, गाडीच्या वक्ताचं कडवं सगळ्यात चांगलं झालं. अन् इचारते, फुंकर त नाई ना मारली यानं?"

जानराव हसला आणि त्याच हसण्यात त्याने डोळे पुसले. कमरेचं दावं सोडलं. देवमन भोंगा खाली घेऊन आला होता. युनिट कानाशी धरून त्याने हलवून पाहिलं. आत काही खुळखुळलं नाही.

जानराव त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "भाऊजी, मी पायलं. बटन खुनंच्या वर गेलं होतं. युनिट उडालं असतं तं?"

"वायर गुंडाळ."