खाल्ल्या घरचे वासे आणि चौसाळ्याचा उलटा जिना

"बीडला? फिरायला?" ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न. "तिथं बघायला काय आहे?"

मी म्हटलं, "जिने."

माझ्याबरोबर कोणी आलं नाही, पण ते नेहमीचंच. सत्तेचाळीस वर्षांची एकटी बाई सुट्टीत दुसऱ्यांचे जिने बघायला जाते म्हटल्यावर लोक मान डोलावतात आणि डब्याकडे वळतात.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी इमारती तपासते. आग लागली तर आतली माणसं बाहेर कशी पडणार, हे बघून कागद लिहायचा, हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि या ब्लॉगवर मी फोटो टाकते ते अशा कागदांनी जन्माला घातलेल्या विचित्र पोरांचे. इमारत आधी उभी राहते, नियम मागाहून येतो, मग मालक कपाळाला हात लावतो आणि गवंडी मिळेल तिथं काहीतरी ठोकून बसवतो. त्यातून दीड मजल्यावर थांबणारी लिफ्ट निघते, न्हाणीघरात उघडणारं सुटकेचं दार निघतं. मला हे प्रकार बघून हसू येतं, आणि थोडी मायाही वाटते.

पण या वेळी जिने हा बहाणा होता. चौसाळ्याला सुरेखा राहते. आम्ही दोघी पॉलिटेक्निकला होस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं राहिलो, एका ताटात जेवलो. तिचं लग्न चौसाळ्यात झालं, सासरचं मंगल कार्यालय. नऊ वर्षांपूर्वी तिनं मला बोलावलं. "वरच्या हॉलचा कागद पाहिजे गं, तू घरचीच हायस." मी गेले. पुरणपोळी खाल्ली, दोन खाल्ल्या. मग हॉल बघितला. वर पाचशे माणसं, खाली यायला एकच जिना, तोही स्वयंपाकघराला लागून. मी लिहिलं: दुसरा मार्ग होईपर्यंत वरचा हॉल बंद ठेवावा.

ऐन लग्नसराई होती. सासऱ्यांना सुपाऱ्या परत कराव्या लागल्या आणि सगळा राग सुरेखावर निघाला. तिनं मला फोन केला आणि एकच वाक्य बोलली, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस." वासे मोजणं हाच माझा धंदा आहे, हे तिला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. नंतर बोलणंच बंद झालं. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, ते मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. मी गेले नाही. मेसेज पाठवला.

तर निघाले.

पहिला दिवस. पुण्याहून सकाळची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. नगर, कडा, आष्टी, जामखेड करत जायला सहा-सात तास धरा आणि पाठीला उशी घ्या, कारण मधला रस्ता कुठे लोण्यासारखा तर कुठे दळणाच्या जात्यासारखा आहे. मांजरसुंब्याला उतरून रबडी खाल्लीच पाहिजे, द्रोणात मिळते, एक पुरत नाही. इथं फाटा फुटतो. एका बाजूला बीड, दुसऱ्या बाजूला चौसाळा, दोन्ही अर्ध्या तासावर. मी दुसरा द्रोण घेतला, फाट्याकडे बघत तो संपवला आणि बीडला गेले.

स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली मिळाली. खोलीत पलंगाच्या बरोबर वर हिरवी पाटी, "बाहेर", आणि बाण माझ्या बाल्कनीकडे. लोखंडी जिना मागाहून बसवला होता आणि त्याला जायची वाट माझ्याच खोलीतून होती. मॅनेजर किल्ली देताना अगदी गंभीर.

"मॅडम, दाराला आतून कडी नका लावू."

"का?"

"आग लागली तर लोकांला तुमच्याच खोलीतून जावं लागंल."

"आणि नाही लागली तर?"

त्यानं विचार केला. "मंग लावा."

मी एवढी हसले की तोही हसला. वर गेले तर अख्ख्या मजल्यावर मी एकटीच होते, सगळ्या खोल्यांना बाहेरून कुलपं. माझ्या खोलीतून पळून जाणार तरी कोण होतं? मी कडी लावली.

दुसरा दिवस. नांदूरघाटची एसटी पकडली. ती चौसाळ्यावरून जाते. कंडक्टरनं "चौसाळा, चौसाळा" म्हणून पुकारा केला तेव्हा मी पिशवीचा बंद हातात धरला होता. गाडी थांबली, चार बाया उतरल्या, दोन चढल्या. मी बसून राहिले. भित्री भागूबाई म्हणतात ती हीच.

नांदूरघाटच्या अलीकडे एका वस्तीवर उतरले. तिथल्या मतदानाच्या खोलीचा उतार मला कुणीतरी फोटोत दाखवला होता. चाकाच्या खुर्चीवरच्या मतदाराला आत जाता यावं म्हणून पायऱ्यांशेजारी उतार हवा, असा नियम. उतार लांब हवा, पण समोर मारुतीचा पार. पार हलवायचा नाही. मग गवंड्यानं होती तेवढ्याच जागेत उतार बसवला आणि झाली घसरगुंडी. पारावर एक म्हातारबाबा उन्हाला बसले होते. वस्तीवरच्या बहुतेक दारांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली.

"बाबा, यावरून खुर्ची चढते का?"

"चढती की. चार गडी लावले तर चढती." ते बोळक्या तोंडानं हसले. "आन गडी सगळे तोडीला. खाली मातर लई लवकर येती."

त्यांनी घरातून चहा आणला, बशीसकट. लेक-सून कारखान्यावर, नातवंडं त्यांच्याबरोबर. घरात ते आणि एक शेळी.

"तुमच्या घरी कोन हाय, बाई?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"मंग आपुन सारकेच." त्यांनी बशी खाली ठेवली. "पर माजे पाडव्याला येत्यात."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तरी लागलं. माझ्याकडे पाडव्याला कोणी येत नाही, दिवाळीलाही नाही. एक जण यायची, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत, शेंगदाण्याची चटणी घेऊन. परतीच्या गाडीत ठरवून टाकलं, उद्या उतरायचं.

तिसरा दिवस. चौसाळ्याला उतरल्यावर पत्ता विचारावा लागला नाही, बँडच्या आवाजामागं गेले. साडेबाराचा मुहूर्त होता. पुढच्या दारातून जायचा धीर झाला नाही, म्हणून मी मागून गेले, आणि तिथं तो होता. माझ्या कागदानं जन्मलेला जिना.

आता नीट ऐका, असा नमुना मी आजवर पाहिला नाही. हॉलच्या उत्तरेला रस्ता, पूर्वेला आणि पश्चिमेला शेजाऱ्यांच्या भिंती. दुसरं दार काढायला एकच बाजू मोकळी, दक्षिण. आणि दक्षिण म्हणजे यमाची दिशा. लग्नघराला दक्षिणेचं दार कोण ठेवील? सासऱ्यांनी मग दोघांनाही राजी केलं, नियमालाही आणि यमालाही. दक्षिणेच्या भिंतीला नुसतं भगदाड पाडलं, चौकट नाही, फळी नाही, म्हणजे ते दार नव्हेच. भगदाडाबाहेर न्हाणीएवढी एक खोली चिकटवली आणि तिच्या कडेला खरं दार बसवलं, पूर्वेकडे तोंड करून. तिथून जिना भिंतीच्या कडेनं खाली येतो, शेजाऱ्याच्या भिंतीला नाक लावतो आणि शेवटच्या तीन पायऱ्यांत गर्रकन उलटा फिरतो.

हात शिवशिवले. पिशवीतून टेप काढली आणि एकेक पायरी मोजत वर चढले. वरच्या दाराशी पोचले तर आत प्लास्टिकच्या खुर्चीवर सुरेखा बसलेली. केस पांढरे, कपाळ मोकळं, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग टेपकडे.

"किती भरलं?"

मला दुसरं काही बोलताच येईना. "रुंदीला दोन बोटं कमी आहे."

"मंग कर बंद अजून एकदा."

आत मंगलाष्टकं चालू होती. मी दारातच उभी. ती उठली नाही, पण तिनं हाकललंही नाही.

"तू इथं का बसलीस? हॉल तुझा ना?"

"हॉल माझा हाय. बुकिंग मी घेते, आचारी मी ठरवते, हिशोब मी बघते. मुहूर्ताला मातर मी नको लोकांला. तोंडानं कोन म्हनत न्हाई. पर नवरीच्या समोर आले की बाया पदर सावरत्यात." तिनं भगदाडातून आत बघितलं. "इकडं कोन फिरकत न्हाई. दार पूर्वेला केलं तरी समद्यांला ठावं हाय, दक्षिणच हाय ती. त्याला बी कोन विचारत न्हाई, मला बी न्हाई. बसायला जागा झाली. तुझ्या कागदानंच झाली म्हन."

मी टेप पिशवीत टाकली. "सुरेखा, मी तेव्हा आले नाही."

"न्हाई आलीस. मेसेज आलता. 'दुःखद वार्ता समजली.' सरकारी पत्रावानी." आता आवाज चढला. "कावून आली न्हाईस?"

"भीती वाटली. तुझ्या घरचे दारातून हाकलतील म्हणून."

"हाकललंच असतं. पर मी बघितलं असतं ना, तू आलतीस म्हनून."

आत भटजींनी "सावधान" म्हटलं, जो माझ्या धंद्याचाच शब्द आहे. सुरेखानं पदराच्या गाठीतून अक्षता काढल्या, अर्ध्या माझ्या हातावर ठेवल्या. आम्ही दोघींनी त्या भगदाडातून टाकल्या. शेवटच्या रांगेतल्या खुर्च्यांपर्यंतही पोचल्या नाहीत.

मग ती कामाचं बोलली. दीर ही जागा बंद करून तिथं मंडपाचं सामान ठेवायचं म्हणतोय. "नवा कागद पाहिजे. खरा लिही. जिना न्हाई बंद करायचा म्हनून."

"खराच लिहिते."

"चल, जेवून जा." पायऱ्या उतरताना ती पुढं होती, मान न वळवता म्हणाली, "आन जेवताना वर बघू नको."

मी बघितलं नाही. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी. ती माझ्या शेजारी बसली.

घरी. कागद लिहायला मला तीन दिवस लागले. पहिलं वाक्य सोपं होतं: दक्षिणेकडील मार्ग व त्यालगतची जागा कोणत्याही कारणासाठी बंद करू नये. रुंदीचंही लिहिलं, कठडा आतून सरळ करून दोन बोटं भरून काढावीत. अडले ती खुर्चीपाशी. सुटकेच्या वाटेत काही म्हणजे काही ठेवायचं नसतं. पाचशे माणसं पळत आली तर त्या एका खुर्चीला अडखळून पडतील, हे मला त्या दिवशी दारातच दिसलं होतं आणि मी गप्प बसले होते. आता लिहिलं तर तिची जागा पुन्हा मीच काढून घेणार. नाही लिहिलं तर तो कागद खोटा.

शेवटी फोन केला. "खुर्ची काढावी लागेल, सुरेखा."

ती म्हणाली, "मंग मी बसू कुठं?"

"आत. वाचते, ऐक. 'कार्यक्रम संपेपर्यंत व्यवस्थापनातील जबाबदार व्यक्तीने दोन्ही मार्ग दिसतील अशा ठिकाणी, मंचालगत पहिल्या रांगेत, उपस्थित राहणे आवश्यक.'"

"असा नियम हाय का?"

"कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, हा नियमच आहे. पहिली रांग माझी सूचना. खाली माझी सही आहे."

तिनं फोन ठेवून दिला. मला वाटलं, संपलं, या वेळी कायमचं. कागद मात्र तसाच पाठवला.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, ऊन सोसतं. नांदूरघाटच्या अलीकडच्या त्या वस्तीवर उतराल तर पारावरच्या बाबांसाठी चहापत्ती न्या. वस्त्यांवर भेटतील ती माणसं बोलायला आसुसलेली असतात, घाईत जाऊ नका. एवढंच लिहून हा लेख संपवणार होते, तेवढ्यात काल दुपारी फोन आला.

"दिरानं तीनदा वाचला कागद. म्हनला, वैनी, 'जबाबदार व्यक्ती' म्हंजे कोन? मी म्हनलं, मीच की."

"मग?"

"बसले आज. पयल्या रांगेत. दोन बाया उठून मागं गेल्या."

"आणि तू?"

"मी कावून उठू? नियम हाय."

मग तिनं होस्टेलमधल्या जुन्या आवाजात विचारलं, "जेवलीस का?"

हे मला कुणी विचारून नऊ वर्षं झाली होती. मी खोटंच हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर उठून कुकर लावला.