आईच्या ताटाशेजारचं हाड

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. गेल्या वर्षी एका तासाला समुद्रातल्या बेटांवरच्या जुन्या वस्त्यांचा विषय निघाला. तिथल्या उकिरड्यांवरून कोण मोठं नि कोण लहान ते कळतं. मुखियाच्या घरामागं डुकराची, कासवाची हाडं. साध्या माणसांच्या घरामागं नुसते शिंपले. "म्हणजे उकिरडा चुगली करतो," मी म्हणाले. पोरं हसली. मी मात्र हसता हसता आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

आमच्याकडे मटण रविवारीच. वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला, त्यांना सुट्टी तेवढीच. काळ्या मसाल्याचा वास सकाळपासून गल्लीभर फिरायचा. काय दिवस होते ते! वाढायची रीत ठरलेली होती. नळीचं हाड वडिलांना, कलेजी भावाला, मला दोन बरे तुकडे. आई सगळ्यांत शेवटी बसायची, रश्शात भाकरी कुस्करून. वडिलांच्या ताटाशेजारी हाडांचा ढीग असायचा, आईच्या ताटाशेजारी काहीच नाही.

"मला न्हाय आवडत मटण. रस्साच बरा," ती म्हणायची.

मी ते इतकं खरं मानलं की मैत्रिणींना ऐटीत सांगायची, आमची आई मटण खात नाही. इतिहासात पहिला नंबर आणि अक्कल शून्य!

त्या तासानंतरच्या रविवारी मी मटण केलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. जेवायला आम्ही दोघीच. नळी मी आईच्या ताटात वाढली. तिला खरंच आवडत नसू दे, असं मनापासून वाटत होतं. आवडत असेल तर इतक्या रविवारांचं काय करायचं?

"तुलाच घे की," ती म्हणाली.

मी माझ्या ताटात रस्साच वाढून घेतला. मग तिनं नळी उचलली, ताटाच्या काठावर दोनदा आपटली, तोंडाला लावली आणि आतला गर एका दमात ओढून घेतला. वडिलांनाही हे इतक्या सफाईनं कधी जमलं नव्हतं.

"आई, हे कुठं शिकलीस?"

"मंद्रूपला, माहेरी. मी धाकटी. आबा नळी मलाच द्यायचे की."

रिकामं हाड तिनं ताटाशेजारी ठेवलं. मला रडू आवरेना.

"आता रडतीस कशाला? पातेल्यात दुसरी हाय का बघ."