मालिशवाल्या मावशींची जर्मनीतली परीक्षा

दुखऱ्या जागेवर हात ठेवला की मावशी काहीच करायच्या नाहीत. दाबणं नाही, चोळणं नाही, नुसता हात. पेशंटने चुळबुळ केली की म्हणायच्या, "पडून ऱ्हा गो. घाई कोणाला आहे?" मुलुंडमध्ये, सकाळी नऊ वाजता, ऑफिस गाठायच्या गडबडीत असलेल्या बाईला हे विचारायची हिंमत दुसऱ्या कोणाची होती, सांगा!

मावशी भांडुपच्या. मूळ गाव देवगडकडे, वडील गिरणीत. बरीच वर्षं त्यांनी बाळंतिणींना मालिश केली, बाळांना पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. मुलुंडच्या आमच्या केंद्रात हलक्या हाताने शरीराला हालचाल पुन्हा शिकवतात. तिथे मी फिजिओथेरपिस्ट, आणि मावशी मदतनीस म्हणून आल्या. वर्षभरात माझेच पेशंट हळूच विचारायला लागले, "आज मावशी मोकळ्या आहेत का?" मला राग यायचा. खोटं कशाला बोलू?

केंद्राने आम्हा दोघींना वरच्या शिक्षणासाठी तीन आठवडे जर्मनीला पाठवलं. मावशी परीक्षा पास झाल्या तर त्यांना वर्ग घेता येणार होता, नाहीतर त्या कायमच्या मदतनीस. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दुभाषीही मीच.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. हे काम कपड्यांवरूनच करतात, तेल लागत नाही. मावशींना ते पक्कं ठाऊक होतं. पण परक्या मुलखात माणूस बावरला की हात जुन्या सवयीवर जातात. पर्समध्ये डोक्याला लावायची खोबरेल तेलाची बाटली होती. थंडीने ते घट्ट झालं होतं. मावशींनी बाटली हीटरवर ठेवून तेल पातळ केलं, तळव्यांवर चोळलं आणि समोरच्या उंच गृहस्थाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर दोन्ही पंजे ठेवले. मावशींनी जीभ चावली. "वाट लागली! त्याला सांग, बेसन लावून धू म्हणावं, जाईल." बेसन म्हणजे काय हे त्या माणसाला समजावण्यातच माझी दुपार गेली.

शिकवणाऱ्या मॅडम सत्तरीच्या. कडक. उजव्या खुब्याचं जुनं दुखणं होतं, काठी घेऊन चालायच्या. परीक्षेच्या दिवशी मावशींचा नंबर आला तेव्हा मॅडम काठी बाजूला ठेवून स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या. इतर कोणाच्या वेळी त्यांनी असं केलं नव्हतं. मावशींनी शांतपणे त्यांची उजवी टाच ओंजळीत घेतली आणि बसल्या.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मावशींची बोटं हलतही नव्हती. मी कुजबुजले, "मावशी, काहीतरी करा हो! मार्क जातील." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मग मॅडम घोरायला लागल्या.

परीक्षकच झोपल्या, आता मार्क कोण देणार? वेळ संपली. एका सहायकाने उठवायला हात पुढे केला, तशी मावशींनी मान हलवली. "निजू दे तिला. किती दिवस निजली नाय ती, बघ तरी." मला मराठीतून इंग्रजीत काही सांगावंच लागलं नाही. तो आपोआप मागे सरला. वीस-पंचवीस माणसं एका म्हातारीची झोप मोडू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होती. असलं दृश्य मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

मॅडम जाग्या झाल्या, पाय खाली सोडून बसल्या. मग त्यांनी विचारलं, "तू काय केलंस?"

मावशी म्हणाल्या, "पाय भ्यायला होता. मी धरून बसले."

एवढंच! एवढ्यावर कोण पास करणार? त्यांचं भलं व्हावं म्हणून मी इंग्रजीत खुब्याचे स्नायू, मज्जातंतू, श्वासाची लय असं काय काय ठोकून दिलं. मावशींनी माझा दंड धरला. "मी एवढं बोलले नाय. बोलले तेवढंच सांग."

"मावशी, नापास कराल स्वतःला!"

"होऊ दे. पण माझ्या हाताचं माझ्याच तोंडून जाऊ दे."

लाजेने माझे कान तापले. मी मॅडमची माफी मागितली आणि ती दोन वाक्यं होती तशी सांगितली. मॅडमनी कागद ओढला आणि सही केली. पास मीही झाले, पण माझ्या कागदाकडे मला धड बघवेना.

मावशींनी मुलुंडला चार वर्षं वर्ग घेतला. एवढी शिकलेली मी, पण त्यांच्या वर्गात मागे सतरंजीवर बसायचे. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. मॅडमना मी दोन ओळींत कळवलं.

या डिसेंबरात मॅडम मुलुंडला आल्या. मावशींचं टेबल कुठलं ते विचारलं आणि त्यावर आडव्या झाल्या. मी त्यांची उजवी टाच ओंजळीत घेतली आणि बसले. थोड्या वेळाने त्यांचे डोळे मिटले, श्वास संथ झाला. टाच हातात अजून ताठच होती, म्हणून मला कळलं. त्या झोपल्या नव्हत्या. मला बरं वाटावं म्हणून पडून राहिल्या होत्या.