शेजारच्या पत्र्यावरचा कावळा

शेजारच्या अनसूयाबाईंचा मुलगा कामाला म्हणून गेला, तो कित्येक वर्षांत परतला नाही. यंदा पितृपक्षात त्यांच्या थोरल्या जावेने त्याच्या नावाचं पान पत्र्यावर ठेवलं. "आता तरी गेला म्हण, अनसूये."

मी खिडकीतून बघत होते. मेलेल्याची माणसं हात जोडून कावळ्याची वाट बघतात. हरवलेल्याच्या आईला मात्र त्याच कावळ्याची भीती वाटते. अनसूयाबाई दगड घेऊनच उभ्या होत्या. "हाऽ हाऽ! माझा लेक जिवंत आहे!"

कावळा उडाला, पण लगेच परत येऊन भातावर तुटून पडला.

जाऊ म्हणाली, "बघ, किती उपाशी होता बिचारा."

अनसूयाबाईंचा उगारलेला हात हळूहळू खाली आला.

"खा बाबा," त्या म्हणाल्या.